जिन्नसवार याद

घरातील मोलाच्या वस्तूंचे रक्षण हा विषय आपल्या कुटुंबांत बहुधा दोनच प्रसंगी निघतो : घरफोडी झाल्यावर, किंवा वडीलधारे माणूस निवर्तल्यावर. ज्या घरात दुचाकीच्या विम्याची मुदत कधी टळू दिली जात नाही, त्याच घरात पणजोबांच्या हातच्या पोथ्या, मोडी कागदांचे दोनचार रुमाल, आजीच्या बुगड्यांची जोडी, देवघराच्या फडताळात पडलेल्या शिवराया आणि लाखेच्या तबकड्यांची चळत ही सारी मालमत्ता कोणत्याही कागदावर चढलेली नसते. ती केवळ एका वृद्ध माणसाच्या स्मरणाच्या हवाली असते. ही स्थिती मला फार घातक वाटते, आणि म्हणूनच माझ्या निकट परिचयातील दोन गृहस्थांमध्ये या विषयावर झालेला वाद, शक्य तितका त्यांच्याच शब्दांत, येथे मांडीत आहे.

तात्या हे संस्कृतचे निवृत्त अध्यापक. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते, आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांतून घरोघरचे ग्रंथ चिखलात लडबडलेले त्यांनी पाहिले आहेत. पुढे आयुष्यभर अध्यापकाच्या वेतनात बसेल तेवढा खर्च करून त्यांनी नाणी, पोथ्या, मोडी कागद, पितळी अडकित्ते आणि जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्या जमविल्या. भाऊ हे त्यांचे मामेभाऊ, वयाने बरेच लहान. सर्वसाधारण विम्याच्या व्यवसायात नुकसानीची पाहणी करणारे सर्वेक्षक म्हणून त्यांची हयात गेली. दोघांचा परस्परांवर लोभ असल्यामुळे कोणीही कोणाची भीड ठेवली नाही.

तात्या : भाऊ, तुझा आग्रह मला समजतो, पण पटत नाही. विम्याचे मूळ समुद्रावरील व्यापारात आहे. गलबत बुडाले, मालाची किंमत हाती आली, व्यापाऱ्याने दुसरा माल भरला आणि व्यवहार पुढे चालू लागला. तेथे एका गाठोड्याची जागा दुसरे गाठोडे घेऊ शकते; माझ्या कपाटात तसे होत नाही. २००४ च्या मार्च महिन्यात शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीस गेले. स्वीडनहून पुढे विश्वभारतीस दोन प्रतिकृती मिळाल्या, एक सोन्याची आणि एक कांस्याची. सोन्याच्या जागी सोने आले. पण जे पदक कवीचे होते ते गेले ते गेलेच. मग हप्ते भरून मी नेमके काय विकत घ्यावे?

भाऊ : पदकाविषयी माझे दुमत नाही. परंतु तात्या, तुम्ही नुकसानीचा एकच प्रकार डोळ्यांपुढे ठेवता, तो म्हणजे वस्तू समूळ नाहीशी होण्याचा. मी जी नुकसानी पाहिली ती पुष्कळदा अर्धवट होती. जुन्या घरातील विजेच्या तारा जीर्ण होतात, एखाद्या रात्री त्यांतून ठिणगी पडते. आग खोलीपुरतीच राहते, पण धूर सर्वत्र पसरतो, आणि आग विझविण्यासाठी मारलेले पाणी आगीने न केलेली नासाडी पूर्ण करते. पोथीची पाने एकमेकांस चिकटतात, शाई फुटते, दोनतीन दिवसांत बुरशी धरते. अशी पोथी वाचविता येते. मात्र पान पान सोडवून वाळविणारा जाणकार माणूस त्यासाठी लागतो, आणि त्याच्या श्रमाचे मोल अध्यापकाच्या निवृत्तिवेतनातून सहज निघत नाही. तडा गेलेले चित्र, वाकलेली समई, धुराने काळवंडलेला पट यांचेही तसेच. विम्याची रक्कम या दुरुस्तीसाठी आहे. जे परत आणता येत नाही त्याची ती किंमत ठरवीत नाही; जे वाचविता येते ते पैशावाचून बुडू नये, एवढाच तिचा हेतू आहे.

तात्या : हेतू उदात्त असेल, पण तुझ्या विमापत्राची कलमे मी वाचली आहेत. वाळवी त्यात नाही, कसर त्यात नाही, दमट हवेने हळूहळू पिवळा पडणारा कागद त्यात नाही, वापराने झिजलेली जर त्यात नाही. माझ्या संग्रहाचे जे खरे शत्रू आहेत, जे चोरासारखे एका रात्री न येता वीस वर्षे मुक्कामाला असतात, त्या सर्वांना विमा कंपनीने दाराबाहेर उभे केले आहे. त्यांच्याशी मी वेखंडाच्या पुडीने, कडुलिंबाच्या पानांनी, लाल कापडाच्या घट्ट बासनांनी आणि दर दसऱ्याला प्रत्येक पोथी सोडून, वारा देऊन, पुन्हा बांधण्याने लढत आलो. माझ्या मते रक्षण ते हेच. बाकी सगळा हिशेब.

भाऊ : कालौघात होणारी झीज आणि कीड यांची हमी कोणतीही विमा कंपनी घेत नाही, आणि घेऊही नये, कारण ज्या हानीला मालकाची नित्य देखरेख हेच औषध आहे तिची भरपाई मिळू लागली, तर देखरेख सुटेल. वाळवी तुमची, वणवा आमचा, अशी ती वाटणी आहे. उलट मी तुम्हांला अधिक गंभीर गोष्ट सांगतो, कारण ती लोकांना ठाऊक नसते आणि दाव्याच्या वेळी फार दुःख देते. घरासाठी म्हणून जो नमुनेवार विमा १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांनी देणे बंधनकारक झाले, तो ‘भारत गृह रक्षा’, त्यात इमारतीबरोबर घरसामानही आपोआप येते. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, आणि जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल ही संकटे त्यात आहेत. लोक समाधानाने कागद पेटीत ठेवतात. परंतु हस्तलिखिते, दस्तऐवज, नाणी, न जडविलेली रत्ने हे सर्व त्याच कागदात वगळलेले असते, जोपर्यंत त्यांचा विमापत्रात स्पष्ट उल्लेख करून घेतलेला नाही तोपर्यंत! म्हणजे तुमच्या घरी उद्या नदी शिरली, तर पलंग आणि कपाट यांची भरपाई मिळेल, आणि कपाटात जे होते त्याची मिळणार नाही.

हे ऐकून तात्या काही वेळ गप्प राहिले, आणि येथे मलाही थोडे थांबावेसे वाटते. कारण या एका कलमाची माहिती नसल्यामुळे माणूस स्वतःस संरक्षित समजून निर्धास्त राहतो, आणि तसे राहणे उघड्यावर असण्यापेक्षाही वाईट आहे. तात्यांनी विचारले, मग अशा वस्तूंची सोय काय?

भाऊ : सोय आहे, पण ती मागून घ्यावी लागते. दागिने, चांदी, चित्रे, कलावस्तू यांच्यासाठी त्याच विम्यात वेगळे ऐच्छिक संरक्षण आहे, आणि त्याचे तत्त्व असे की प्रत्येक वस्तूचे मूल्य विमा घेतानाच उभयपक्षी ठरवून टाकायचे. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची १ लाखापर्यंत असेल, तर मूल्यनिर्धारकाचा दाखलाही मागत नाहीत. त्याच्या पुढे मात्र तो लागतो. मूल्य आधीच ठरल्यामुळे नुकसानीनंतर घासाघीस उरत नाही. ज्या इतर विम्यांत असे ठरलेले नसते, तेथे अपुऱ्या विम्याचे कलम आडवे येऊ शकते : १० लाखांच्या जिन्नसांवर ५ लाखांचाच विमा असेल आणि २ लाखांचे नुकसान झाले, तर हाती १ लाखच पडतात. मालकाने अर्ध्या जोखमीचा हप्ता वाचविला, म्हणून अर्धी जोखीम त्याच्याच शिरावर राहिली.

तात्या : आणि चोरी? ती तर असेल ना?

भाऊ : घराच्या या नमुनेवार विम्यात चोरी आहे ती एवढीच, की आग किंवा पूर यांसारखी घटना घडल्यापासून ७ दिवसांच्या आत, त्या गोंधळाचा फायदा घेऊन झालेली. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचा विमा निराळा. त्यातही बहुतेक विमापत्रांत शब्द असे असतात की बळजबरीने, मोडतोड करून प्रवेश झालेला असला पाहिजे. आणि हे शब्द अक्षरशः घ्यावयाचे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिलेला आहे. खोट्या किल्लीने कपाट उघडले, ओळखीच्या माणसाने खिशात घालून नेले, तर पंचनाम्यात कडीकोयंडा शाबूत दिसतो आणि दावा तेथेच अडतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगत आलो : सही करण्यापूर्वी ‘यात काय नाही’ हे पान आधी वाचा. आणखी एक कलम जोडीचे. बुगड्यांपैकी एक हरवली, तर भरपाई एकीची मिळते. उरलेली निरुपयोगी झाली याचा विचार सर्वसाधारणपणे होत नाही.

तात्या : मग पोथीचे एकच पान गेले तर?

भाऊ : तर एका पानाची, तात्या. तेही पाने मोजून लिहून ठेवली असतील तर.

तात्यांनी मग बँकेतील तिजोरीची गोष्ट काढली. त्यांच्या पत्नीचे गोठ, पाटल्या, वज्रटीक आणि मोत्यांची नथ तेथे आहे, आणि जे बँकेच्या पोलादी दारामागे आहे त्याच्या विम्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असा त्यांचा समज होता. हा समज सार्वत्रिक आहे. भाऊंनी तो फार वेळ टिकू दिला नाही. बँकेस तिजोरीत काय ठेवले आहे हे ठाऊक नसते, आणि त्या ऐवजाचा विमा ती उतरवीत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने बँकांना ही जबाबदारी सर्वस्वी झटकता येणार नाही असे बजावल्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी नियम सुधारले, आणि १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे अथवा नोकरवर्गाची अफरातफर या कारणांनी ऐवज गेल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत ठरले. भाडे ३,००० रुपये असेल, तर मर्यादा ३ लाखांची. भूकंप, पूर, वीज कोसळणे यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत ते दायित्वही नाही. पाटल्यांच्या एका जोडीचा आजचा भाव ज्यास ठाऊक आहे, त्याला यावर अधिक सांगणे नको.

येथपर्यंत भाऊंची बाजू वरचढ होत चालली होती. परंतु तात्यांचा खरा आक्षेप अजून बाहेर पडलाच नव्हता, आणि तो जेव्हा आला तेव्हा त्याला सहज उत्तर नव्हते.

तात्या : तू मला वस्तूंची जिन्नसवार याद करायला सांगतोस आणि प्रत्येक जिनसेपुढे रक्कम मांडायला सांगतोस. याद चोराच्या हाती लागेल हे भय मी बाजूला ठेवतो. माझे भय निराळे आहे. आज माझी मुले या कपाटापुढे उभी राहतात तेव्हा त्यांना आजोबांचे अक्षर दिसते. उद्या त्या अक्षरापुढे आकडा लिहिला, की त्यांना आकडा दिसू लागेल. वाटणीच्या वेळी अक्षर कोणी मागणार नाही. आकड्यांची बेरीज होईल आणि तिचे भाग पडतील. जी वस्तू आजवर व्यवहारात नव्हती तिला मी माझ्याच हाताने व्यवहारात लोटावी, हे मला अधर्म वाटते. मूल्य ठरविणे हेच काही वस्तूंच्या बाबतीत त्यांचे पहिले नुकसान असते.

भाऊ : तुमचे दुःख खरे आहे. पण आकडा तुम्ही लिहिला नाही म्हणून तो अस्तित्वात नाही, असे नाही. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी आणि त्यांच्या पिढीने गावोगाव हिंडून जे कागद मिळविले, त्यांच्या जोडीचे किती कागद वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यात गेले, हे तुम्हीच आम्हां मुलांना सांगत असा. त्या कागदांवर कोणीही किंमत लिहिली नव्हती. म्हणून त्यांना रद्दीच्या वजनाची किंमत आली. ते विकणारे वारस दुष्ट नव्हते, तात्या. त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते की या रुमालात काय आहे. तुमच्या मुलांना तरी तुम्ही कोठे सांगितले आहे?

तात्या : तोंडी सांगितले आहे.

भाऊ : मग आकडा नका लिहू, तो भाग मी वेगळ्या कागदावर करतो, आणि तो फक्त विमा कंपनीकडे जाईल. पण जिन्नस लिहा. तुमच्याच अभ्यासातील दाखला देतो. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली; तिच्यात शिवछत्रपतींच्या भांडाराची केवढी तपशीलवार मोजदाद आहे! नाण्यांचे प्रकार, कापड, जडजवाहीर, कारखान्यांतील जिनसा. त्यांतील बहुतेक वस्तू आज कोठेही नाहीत, तरी त्या होत्या हे आपण जाणतो, कारण कोणीतरी त्या लिहून ठेवल्या. आणि लिहिलेली वस्तू परतही येते. तामिळनाडूतील श्रीपुरंदन या गावच्या देवळातून नटराजाची मूर्ती चोरीस गेली; २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने ती लक्षावधी डॉलर देऊन विकत घेतली. ती २०१४ मध्ये भारतास परत मिळाली, त्यात पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेजवळच्या जुन्या छायाचित्रांचा फार मोठा वाटा होता. मूर्ती देवळात असताना कोणा अभ्यासकाने ती टिपून ठेवली होती, तिच्यावरील खुणांसह. गावाने देव गमावला आणि तो परत मिळविला तो एका छायाचित्राच्या जोरावर. कोणत्याही विम्याच्या रकमेवर नव्हे. मी विम्याचा माणूस असून हे सांगतो.

या उत्तराने वादाची दिशा पालटली असे मला वाटते, आणि माझे स्वतःचे मतही येथेच पक्के झाले. विम्याची रक्कम ही रक्षणातील दुय्यम गोष्ट आहे. ती मिळविण्यासाठी जी जिन्नसवार याद करावी लागते, ती मुख्य. मात्र ही याद मूल्यनिर्धारकाच्या हातून व्हावयाची नाही. नाण्याचे वजन आणि व्यास तो लिहील. परंतु हे नाणे कोणत्या खेड्यात, कोणाच्या नांगराला लागले आणि तात्यांनी ते कोणाकडून घेतले, हे तात्यांवाचून कोण लिहिणार? तबकडीचा क्रमांक कोणीही उतरवून घेईल. तिच्या दुसऱ्या बाजूचे पद मध्येच का खरखरते, हे ज्याने ती चाळीस वर्षे उभी ठेवून जपली, तोच सांगू शकेल. विमा कंपनीला हवी असलेली सावधगिरी आणि संग्राहकाचे प्रेम यांची गाठ पडते ती या एकाच कागदावर.

कायद्याचे अंगही तात्यांना अपरिचित नव्हते, तरी भाऊंनी त्याची आठवण दिली. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुने, ही पुरावस्तू होय. मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते, मालकी पालटल्यास तसे कळवावे लागते, आणि खासगी माणसाला पुरावस्तू परदेशी नेता येत नाही. नोंदणी केली की सरकार वस्तू जप्त करते, अशी एक भीती लोकांत आहे. तिच्यापायी अनेक घरे नोंदणी टाळतात आणि पुढे चोरी झाली की वस्तू आपली होती हे सिद्ध करण्याचे साधनच गमावून बसतात. नोंदणीच्या दाखल्यासाठी वस्तूची छायाचित्रे द्यावी लागतात, म्हणजे मालकीचा शासकीय पुरावा विनासायास तयार होतो.

तात्या : आणि मी गेल्यावर? विमा मुलांनी चालू ठेवला, याद पेटीत राहिली. पण दसऱ्याला पोथ्या सोडणारा कोण?

या प्रश्नाला भाऊंच्या व्यवसायात उत्तर नाही, आणि त्यांनी ते प्रांजळपणे कबूल केले. मी मात्र तेथे दिनकर गंगाधर केळकरांचे नाव काढले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या त्या गृहस्थाने पत्नी कमलाबाईंच्या साथीने खेडोपाडी फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये, दौती, भांडी अशा हजारो वस्तू जमविल्या, आणि १९७५ साली, स्वतः हयात असताना, तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या मुलाच्या नावाने तो आज ओळखला जातो, तो राजा बालपणीच गेला होता. केळकरांनी दान आपल्या मागे राहणाऱ्यांवर सोपविले नाही, हे मला त्यांच्या संग्रहवृत्तीइतकेच मोठे वाटते. सर्वांचा संग्रह तेवढा नसतो. पण चार रुमाल मोडी कागद असले, तरी ते कोणत्या संशोधन संस्थेकडे जावेत हे मृत्युपत्रात लिहिता येते, आणि त्या संस्थेशी आधी बोलून तिची संमती घेता येते.

तात्यांनी अद्याप विमा उतरविलेला नाही. आकडा लिहिण्याविषयीचा त्यांचा आक्षेप कायम आहे, आणि मी त्याचा आदर करतो. याद करण्यास मात्र त्यांनी आरंभ केला असून नात छायाचित्रे काढते आणि ते तिला सांगत जातात. ज्यांच्या घरी असा लहानमोठा ठेवा आहे त्या वाचकांना माझी विनंती एवढीच आहे : एका वेळी एक कप्पा घ्या. प्रत्येक जिनसेचे नाव, लांबीरुंदी व वजन, घडणीचे द्रव्य, तडा, ठिपका, कोरलेले अक्षर, तुटका कोपरा अशी ओळखीची खूण, पोथी असल्यास पानांची संख्या, आणि ती घरात कोणाकडून व केव्हा आली ही हकीकत लिहा. दागिना नवा असेल तर त्यावरील हॉलमार्कचा सहा अक्षरांचा क्रमांक आणि पावती जोडा. प्रत्येक वस्तूचे दोन बाजूंनी व खुणेजवळून छायाचित्र घ्या. वर्षातून एकदा यादीवरून रुजुवात करा. विमा घेणार असाल तर नाणी आणि हस्तलिखिते यांचा विमापत्रात नावानिशी उल्लेख झाल्याखेरीज सही करू नका. आणि यादीची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावी राहणाऱ्या विश्वासू नातलगाकडे ठेवा. कारण आग लागते किंवा पाणी शिरते तेव्हा घरात ठेवलेली याद जिनसांबरोबरच जाते.